गुरुवारचा नकाशा

१ फेब्रुवारी २००३ च्या सकाळी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. यानाचे तुकडे पूर्व टेक्सासमधल्या कुरणांत, जंगलांत, तळ्यांत विखुरले. ते शोधून गोळा करता यावेत म्हणून अध्यक्षांनी तिथे आणीबाणी जाहीर केली. या घोषणेचा एक परिणाम मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. टेक्सासमधल्या काही गुरं पाळणाऱ्यांना पुढे शेतीखात्याकडून मदतीचे चेक आले, आणि ती योजना होती दुष्काळात होरपळलेल्या गुरांसाठीची.

२००६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हे प्रकरण छापलं. हा घोटाळा नव्हता. कुणी खोटा कागद केला नव्हता, कुणी कुणाचे हात ओले केले नव्हते. २००२ च्या सप्टेंबरात सरकारने पशुधन भरपाईची एक योजना आणली होती. ज्या काउंटीत दुष्काळ जाहीर झालाय, तिथल्या प्रत्येकाला जनावरांच्या संख्येवर पैसे मिळणार होते. मांसासाठी पाळलेल्या मोठ्या गायीमागे १८ डॉलर. तुमचं गवत वाळलं का, वैरण विकत घ्यावी लागली का, असलं काही विचारायचं नाही. मग अमेरिकी संसदेने योजनेला मुदतवाढ देताना दुष्काळाची अटही सैल केली. फेब्रुवारी २००३ पर्यंत जाहीर झालेली कुठलीही आपत्ती चालेल, असं ठरलं. वादळ चालेल, हिमवर्षाव चालेल. आकाशातून पडलेलं यानही चाललं. एकूण १२० कोटी डॉलर वाटले गेले. त्यांतले किमान ६३.५ कोटी अशा भागांत गेले, जिथे दुष्काळ बेताचा होता किंवा मुळीच नव्हता, असा ‘पोस्ट’चा हिशोब होता.

हसू येण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण ज्याने तलाठ्याच्या मागे पंचनाम्यासाठी हेलपाटे घातलेत, त्याला ती वेगळी ऐकू येईल. नुकसान कुणाचं झालं हे शेतावर जाऊन पाहायचं, की नुकसान कुठे झालं हे नकाशावर ठरवून त्या रेषेच्या आतल्या सगळ्यांना सरसकट द्यायचं? जगातल्या प्रत्येक सरकारला या दोहोंतलं एक निवडावं लागतं. अमेरिकेने दोन्ही करून पाहिलंय. आणि नियम नेमका कधी लिहिला गेला, यानेही तिथे बराच फरक पडलेला दिसतो.

आधी तिथली व्यवस्था. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. आपल्या हिशोबाने काही तालुक्याएवढ्या, काही जिल्ह्याएवढ्या. शेतीच्या योजनांचा कारभार केंद्रीय शेतीखात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’कडे असतो आणि तिची दोन हजारांच्या वर काउंटी कार्यालयं आहेत. पेरा किती, कुरण किती, जनावरं किती, याची नोंद शेतकरी तिथे जाऊन करतो. प्रत्येक कार्यालयावर तिथल्याच शेतकऱ्यांनी मतदान करून निवडलेली समिती असते. तीन ते अकरा सदस्य, तीन वर्षांची मुदत. १९३० च्या दशकातल्या महामंदीपासून चालत आलेली ही प्रथा. कुणाचं रान कसं आहे, कुठला अर्ज खरा वाटतो आणि कुठला नाही, हे वॉशिंग्टनमधल्या बाबूपेक्षा शेजाऱ्याला जास्त कळतं, ही त्यामागची समजूत.

समजूत चुकीची नाही, पण शेजारी सगळ्यांचा सारखा शेजारी नसतो. दक्षिणेतल्या राज्यांत या समित्या पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या हातात राहिल्या. कर्ज आणि मदत देताना आपल्याला डावललं गेलं, असं म्हणत कृष्णवर्णीय शेतकरी कोर्टात गेले. ‘पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन’ या खटल्यात १९९९ साली तडजोड झाली आणि सरकारला पुढे शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. गावातल्या माणसाने शेतावर येऊन पाहिलं की न्याय होतोच, असं मानणाऱ्यांनी हा खटला लक्षात ठेवावा. माणसाचा डोळा जवळून पाहतो, तसा तो माणूस पाहूनही पाहतो.

म्हणूनच कदाचित २००८ च्या शेती कायद्यात निर्णय डोळ्याकडून काढून नकाशाकडे देण्यात आला. त्या कायद्यातून चारा-दुष्काळ मदत योजना आली. कुरणावर गुरं पाळणाऱ्याला दुष्काळात वैरण विकत घ्यावी लागते, त्या खर्चाचा काही वाटा सरकारने उचलायचा, एवढाच तिचा हेतू. पण दुष्काळ आहे की नाही, हे कोण सांगणार? यानाच्या प्रकरणाने हात पोळलेले होते. त्यामुळे या वेळी एक नकाशा ठरवण्यात आला. त्याचं नाव ‘यू. एस. ड्रॉट मॉनिटर’. यापुढे त्याला दुष्काळाचा नकाशाच म्हणू.

हा नकाशा १९९९ पासून निघतो. नेब्रास्का विद्यापीठातलं दुष्काळ निवारण केंद्र, शेतीखातं आणि हवामान-समुद्र संस्था ‘नोआ’ असे तिघे मिळून तो काढतात. दर मंगळवारी सकाळपर्यंतची माहिती घ्यायची आणि गुरुवारी सकाळी नकाशा प्रसिद्ध करायचा. पाऊस किती पडला, मातीत ओल किती आहे, ओढ्या-नद्यांना पाणी किती, उपग्रहाला पिकाचा हिरवेपणा कसा दिसतो, डोंगरावर बर्फ किती साठलं, हे सगळं त्यात येतं. पण रेषा यंत्र आखत नाही. दहा-बारा शास्त्रज्ञ आळीपाळीने नकाशाचे लेखक होतात. ज्याची पाळी असेल तो आकड्यांवरून कच्चा नकाशा काढतो. देशभरातले साडेचारशेच्या आसपास जाणकार तो पाहून कळवतात की आमच्याकडे इतकं वाईट नाही, किंवा याहून वाईट आहे. मग रेषा सरकते, नाहीतर राहते. शेतकरीही आपल्या कुरणाचे फोटो पाठवू शकतो.

नकाशात पाच पायऱ्या आहेत. डी-० म्हणजे नेहमीपेक्षा कोरडं, डी-१ मध्यम दुष्काळ, डी-२ तीव्र, डी-३ अतितीव्र आणि डी-४ अपवादात्मक. पिवळ्यापासून गडद तपकिरी लालपर्यंत रंग चढत जातो. २०११ च्या ऑक्टोबरात टेक्सासचा सुमारे ८८ टक्के भाग डी-४ मध्ये होता. त्या एका वर्षात राज्याच्या शेतीचं नुकसान ७६२ कोटी डॉलरचं झालं, असा तिथल्या कृषी विस्तार सेवेचा अंदाज आहे. लोकांनी गाभण गायीसुद्धा बाजाराला लावल्या.

योजना या रंगांना बांधलेली आहे. २०१४ च्या शेती कायद्याप्रमाणे चराईच्या हंगामात काउंटीत सलग आठ आठवडे डी-२ राहिला तर एका महिन्याची मदत. डी-३ एकदा जरी आला तरी तीन महिन्यांची. तो चार आठवडे टिकला किंवा डी-४ उमटला तर चार महिन्यांची. डी-४ चार आठवडे राहिला तर पाच महिन्यांची. महिन्याची मदत म्हणजे वैरणखर्चाच्या ६० टक्के. हिशोबाला सोपं जावं म्हणून एका गायीचा महिन्याचा वैरणखर्च ६० डॉलर धरू. शंभर गायींचे सहा हजार, त्याचे साठ टक्के म्हणजे तीन हजार सहाशे. डी-२ वाल्याला हे एकदा मिळतील, पाच महिन्यांच्या हप्त्यात बसला तर अठरा हजार. वर्षाला माणशी सव्वा लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे. आठ आठवड्यांची अट २०२५ च्या जुलैतल्या कायद्याने आणखी सैल केली.

यात पंचनामा नाही. गवत मोजायला कुणी येत नाही. शेतकऱ्याने जनावरांची आणि कुरणाची नोंद दाखवायची, बाकी नकाशा ठरवतो. आणि नियम दुष्काळाच्या आधी लिहिलेला असल्यामुळे त्याला गुरुवारी सकाळीच कळतं की आपण बसलो की नाही. वैरण आत्ता घ्यावी की गुरं विकावीत, हा निर्णय त्याला त्या माहितीवर घेता येतो. मदतीच्या रकमेइतकीच ही गोष्ट मोलाची आहे, असं मला वाटतं.

पण नकाशाची खोच एका शब्दसमूहात आहे: काउंटीच्या ‘कुठल्याही भागात’ तो रंग असला तरी पुरे. नेब्रास्कातली चेरी काउंटी घ्या. वाळूच्या टेकड्यांवर वाढलेलं गवत आणि त्यावर चरणारी गुरं, हाच तिथला मुख्य धंदा. क्षेत्रफळ साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास. आता पुणे जिल्हा डोळ्यांसमोर आणा. मुळशीत धो धो पाऊस आणि इंदापुरात टँकर, हे एकाच जिल्ह्यात एकाच आठवड्यात घडू शकतं. इंदापूरच्या कोपऱ्यावर गडद लाल ठिपका उमटला म्हणून मुळशीतल्या गुरांनाही वैरणीचे पैसे मिळाले, तर कसं वाटेल? चेरीसारख्या काउंटीत नियम तसाच चालतो. उलट बाजूही आहे. रेषेच्या पलीकडे दोन मैलांवर ज्याचं कुरण आहे, त्याचं गवत अलीकडच्यासारखंच वाळलेलं असतं. त्याच्या काउंटीला रंग लागला नाही, इतकंच. त्याला छदामही नाही.

नकाशा काढणाऱ्यांना हे ठाऊक आहे. नकाशा मोठ्या प्रदेशाची स्थिती दाखवतो, स्थानिक स्थिती वेगळी असू शकते, असं ते नकाशावरच छापतात. मुळात तो दुष्काळाची चाहूल देण्यासाठी काढलेला होता, पैसे वाटण्यासाठी नव्हे. पैसे त्याला नंतर जोडले गेले. आणि एखाद्या रेषेला पैसे जोडले की त्या रेषेकडे पाहणाऱ्यांची नजर बदलते. आमच्याकडे रंग एक पायरी चढवा, अशी विनंती करणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. पण ती पाऊस मोजायच्या पेल्याइतकी निर्विकार नसते, एवढं नक्की. डझनभर शास्त्रज्ञांच्या लेखणीवर कोट्यवधी डॉलर टांगलेले आहेत आणि तरी ते काम बऱ्यापैकी चोख चाललंय, याचं मला कौतुक वाटतं. पाळी बदलत राहते, आकडे सगळ्यांना खुले असतात, आणि शेकडो जाणकार पाहत असतात. कदाचित त्यामुळेच.

मग ही योजना दुष्काळात कामी आली का? इथे अमेरिकी संसदेने जी करामत केली, तिला तोड नाही. २००८ च्या कायद्यात या योजनेला मुदत होती: ३० सप्टेंबर २०११. त्या दिवशी ती संपली. टेक्सास तेव्हा होरपळत होतं. आणि पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, अमेरिकेच्या मध्य भागात गेल्या अनेक दशकांतला सर्वांत पसरलेला दुष्काळ पडला. दोन हजारांहून जास्त काउंट्या आपत्तिग्रस्त जाहीर झाल्या. नकाशा दर गुरुवारी निघत होता, रंग गडद होत होता, पण त्या रंगाला जोडलेले पैसे अस्तित्वात नव्हते. आपत्तिग्रस्त जाहीर झालेल्या शेतकऱ्याला कमी व्याजाचं कर्ज मिळू शकत होतं. कर्ज, मदत नव्हे. नवा कायदा संसदेत अडकला होता.

२०१३ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साउथ डकोटाच्या पश्चिम भागात ‘अॅटलस’ नावाचं हिमवादळ आलं. आधी मुसळधार पाऊस, मग काही फुटांचं बर्फ. गुरं अजून उन्हाळी कुरणांवर होती, अंगावर हिवाळ्याची लव चढलेली नव्हती. हजारोंनी मेली. वाऱ्यासोबत चालत गेलेली जनावरं मैलोन्‌मैल दूर, रस्त्याकडेच्या चरांत आणि ओढ्यांत सापडली. मेलेल्या जनावरांच्या बाजारभावाच्या ७५ टक्के देणारी योजना होती, पण तीही २०११ मध्येच संपलेली. वर अर्थसंकल्पाच्या भांडणात केंद्र सरकारचं कामकाज १ ऑक्टोबरपासून बंद होतं, म्हणजे काउंटी कार्यालयांना टाळं. शेतकऱ्यांना सल्ला मिळाला तो एवढाच: मेलेल्या जनावरांचे फोटो काढा, कानातले बिल्ले जपा, आकडे लिहून ठेवा. कधीतरी कायदा होईल.

झाला. २०१४ च्या फेब्रुवारीत नवा शेती कायदा झाला. या दोन्ही योजना कायमच्या करण्यात आल्या आणि १ ऑक्टोबर २०११ पासून मागे लागू करण्यात आल्या. अर्ज एप्रिलमध्ये सुरू झाले. ज्यांनी फोटो जपले होते त्यांना पैसे मिळाले. २०१२ च्या दुष्काळाचे पैसे २०१४ मध्ये हातात पडले, तोवर कित्येकांनी गुरं विकून टाकलेली होती. वैरणीचा पैसा वैरणीच्या कामी आला नाही.

नियम घटनेनंतर लिहिला की काय होतं, याचे हे दोन नमुने. २००३ मध्ये तो इतका सैल लिहिला गेला की यानाच्या तुकड्यांनाही दुष्काळ म्हटलं गेलं. २०१२ मध्ये तो वेळेवर लिहिलाच गेला नाही.

आपल्याकडे हे वाचताना गाव वेगळं, पण वाट ओळखीची वाटते. महाराष्ट्रात अतिवृष्टी ठरते महसूल मंडळावर: २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. पर्जन्यमापक मंडळाच्या एका गावात असतो आणि ढग दुसऱ्या गावावर फुटतो. ‘आमच्याकडे रान वाहून गेलं अन् यंत्रात चाळीसच दाखवतंय,’ हे वाक्य मराठवाड्यात दर पावसाळ्यात ऐकू येतं. त्यानंतर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी शेतावर जाऊन पाहायचं आणि पीक ३३ टक्क्यांहून जास्त गेलं का ते ठरवायचं. म्हणजे आपण रेषाही आखतो आणि डोळाही लावतो. शेतकऱ्याला दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. एका तलाठ्याकडे तीन-तीन गावं, रस्ते पाण्याखाली, आणि वरून पंचनामे आठवड्यात संपवा असा आदेश. अशा वेळी ३२ टक्के आणि ३४ टक्के नुकसानीतला फरक तो बांधावरून कसा पाहणार? पंचनाम्यातली ही अचूकता बहुतेक वेळा कागदापुरती असते. ‘सरसकट मदत द्या’ ही मागणी म्हणूनच दर वेळी उठते, आणि ती आळशी मागणी नाही.

रेषेचं दुखणंही आपण पाहिलंय. २०२३ च्या खरिपात निकष लावून ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. शेजारच्या तालुक्यांतून ओरड झाली, तेव्हा सरकारने तालुका सोडून मंडळाकडे पाहिलं आणि हजाराच्या आसपास मंडळं ‘दुष्काळसदृश’ ठरवली. एकक लहान केलं की रेषेचा अन्याय कमी होतो, नाहीसा होत नाही. चेरी काउंटीला हे कुणीतरी सांगायला हवं.

पण आपल्याकडे खरी ढिलाई दरांत आहे. जिरायत पिकासाठी राज्याने ऑगस्ट २०२२ मध्ये हेक्टरी १३,६०० रुपये आणि तीन हेक्टरची मर्यादा ठरवली. मे २०२५ मध्ये ते पुन्हा ८,५०० आणि दोन हेक्टरवर आलं. चार महिन्यांत सीना नदीने सोलापूर-धाराशिवची गावं बुडवली. मग ऑक्टोबरातल्या पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी वर हेक्टरी दहा हजार जाहीर झाले. जास्त मिळाले, हे चांगलंच. पण पेरताना शेतकऱ्याला ठाऊक नव्हतं की पीक गेलं तर किती मिळतील, आणि पीक गेल्यावरही काही दिवस ठाऊक नव्हतं. रक्कम ठरली ती पुराच्या बातम्या टीव्हीवर किती दिवस टिकल्या त्यावर, असं कुणी म्हटलं तर त्याला खोटं कसं पाडणार?

अमेरिकेचा एक धडा मात्र घेण्यासारखा आहे, आणि तो घ्यायला पैसे लागत नाहीत. कुणाला किती मदत मिळाली हे तिथे लपत नाही. ‘एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप’ ही संस्था माहिती कायद्याखाली सरकारी नोंदी मिळवते आणि १९९५ पासूनची अनुदानं काउंटीनिहाय, नावानिहाय लोकांपुढे ठेवते. यानाच्या आणीबाणीत कुणाला पैसे गेले, हे बातमीदारांना शोधता आलं ते अशाच नोंदींमुळे. आपल्याकडेही चावडीवर याद्या लागतात, पण चावडीवरची यादी दोन पावसांत भिजून जाते आणि शेजारच्या तालुक्याची यादी पाहायची सोय सामान्य माणसाला नसते.

कायमच्या योजना हाताशी असूनही तात्पुरत्या मदतीची सवय अमेरिकेची सुटलेली नाही. २०१७ च्या चक्रीवादळांनंतर एक योजना आली, मग तिची पुढची आवृत्ती, मग २०२० आणि २०२१ च्या नुकसानीसाठी आणखी एक. या शेवटच्या योजनेचा पहिला टप्पा मात्र देखणा होता. ज्यांचा पीकविमा होता, त्यांची माहिती सरकारकडे होतीच. २०२२ मध्ये खात्याने अर्ज भरूनच त्यांच्या घरी पाठवले. शेतकऱ्याने वाचायचा, सही करायची. काही महिन्यांत सहाशे कोटी डॉलरहून जास्त रक्कम पोचली. ज्यांचा विमा नव्हता ते छोटे भाजीपालावाले मात्र दुसऱ्या टप्प्यात ढकलले गेले. तिथे करविवरणांतल्या उत्पन्नावरून हिशोब मांडायचा होता आणि पैसे यायला खूप वेळ लागला.

२०२३ आणि २०२४ मधल्या नुकसानीसाठी संसदेने डिसेंबर २०२४ मध्ये पैसे मंजूर केले. अर्ज जुलै २०२५ मध्ये सुरू झाले. पैसे सगळ्यांना पुरावेत म्हणून हिशोबाने निघालेल्या रकमेच्या ३५ टक्केच सुरुवातीला द्यायचं ठरलं. २०२३ च्या उन्हाळ्यात ज्याचं पीक करपलं, त्याला दोन वर्षांनी रुपयातले पस्तीस पैसे हातात मिळणार होते. उरलेले, निधी उरला तर.